कोपराच्या आतले ठिपके

लिफ्टचं दार मिटता मिटता तो आत घुसला आणि तिच्या हातातल्या पेटीवर आदळला. पेटीतल्या पावडरीच्या डबीचं झाकण उडालं. त्याच्या काळ्या कोटावर पांढरी पूड अशी सांडली, जशी जात्यातून पिठी.

"अहो, वर बातम्या वाचायच्यात मला!"

"मग आधी गाल खाजवणं सोडा. बातम्या कोण ऐकतंय? लोक तेच बघत असतील."

तो चपापला. गालावरचा हात खाली आला... आणि दोन मजले जायच्या आत परत वर गेला.

ती त्या वाहिनीच्या मेकअपच्या खोलीत नवीन लागली होती. तो संध्याकाळच्या बातम्यांचा निवेदक. स्टुडिओतले दिवे पेटले की याचे गाल पेटायचे. आधीचे मेकअपवाले सगळे म्हणाले, मनाचे खेळ आहेत. साहेबांनी तर बजावलंच होतं, महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर पडद्यावरून उठायचं, नुसता आवाज द्यायचा.

आरशापुढे बसवून तिने त्याच्या रोजच्या पावडरीची जुनी डबी उलटी केली आणि मागची बारीक अक्षरं वाचली.

"मिनरल म्हणे. शंभर टक्के नैसर्गिक! नैसर्गिक तर खाजकुइलीही असते."

"म्हणजे... माझं मन ठीक आहे?"

"मनाचं मला काय माहीत? डबीचं सांगते. रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडचा. डाग झाकतात ते झिंक आणि टायटॅनियम. बाकी बरीचशी भर, घराच्या जोत्यात घालतात तशी. हे बघा, बिस्मथ ऑक्सिक्लोराइड. चमकतं, मऊ लागतं, पण उष्णतेत घाम आला की काहींना टोचतं. पुढे अभ्रक, टाल्क, पुढे सुगंध."

"मग काढून टाका की!"

"कोण चावतंय ते अंदाजाने नाही सांगत मी. बाही वर करा."

तिची रीत साधी होती. कोपराच्या आत, नाजूक कातडीवर, एका वेळी एकाच पुडीचा ठिपका. दुसऱ्या दिवशी बघायचं, मगच पुढचा. तोवर चेहऱ्याला काही लावायचं नाही; कॅमेऱ्यापुढे तो तसाच बसे, थोडा निस्तेज.

तो रोज वेळेआधी यायचा, बाही दुमडूनच. कोट इस्त्री करणाऱ्या मावशी वाफेआडून हसायच्या.

"बाई गं, हात धरायची ही नवीनच तऱ्हा!"

"मावशी, इस्त्री जळेल," ती म्हणायची, आणि कान मात्र तिचेच तापायचे.

पहिला बिस्मथ. लालभडक उठला. चोर सापडला! टाल्क आणि सुगंध तिने न तपासताच बाजूला ठेवले, मिश्रणात घालायचेच नव्हते. झिंक लावलं तर दुसऱ्या दिवशी तेही लाल. अभ्रकही लाल. तिने रात्री जागून घोटलेलं नवं मिश्रण कचऱ्याच्या टोपलीत ओतलं. झिंक तर कधी कुणाला चावल्याचं तिने पाहिलं नव्हतं. शिकलेलं सगळं खोटं की काय?

"अशाने तुमच्या गालाला लावायला नुसती हवा उरेल," ती हळूच म्हणाली. "साहेबांना सांगते, माझ्याच्याने होत नाही. तुम्ही आवाजाचं काम घ्या."

तिने त्याचा हात दिव्याखाली ओढला, एकदा शेवटचं बघावं म्हणून. बिस्मथची खूण गोल होती, ठिपक्याएवढी. पण ही बाकीची लाली... लांबट, आडवी. नखांच्या रेघा!

"हे तुम्ही केलंत?"

"बिस्मथचं खरं होतं," तो खाली बघत म्हणाला. "बाकीचं... खाजवलं मी. ठिपके सगळे पास झाले असते तर तुम्ही डबी हातात दिली असती, म्हणाल्या असत्या, निघा."

"आणि मी माझं चांगलं मिश्रण फेकलं! स्वतःलाच नालायक म्हणत बसले. कळतंय का तुम्हाला?"

"आत्ता कळलं," तो म्हणाला. "चुकलो. पडद्यावरची जागा माझी जायची होती, घाव मात्र तुमच्यावर घातला."

तिने त्याच्या दुसऱ्या हाताच्या कोपरात झिंक, अभ्रक, टायटॅनियम आणि लोहाच्या रंगाचे वेगवेगळे ठिपके या वेळी एकदमच लावले, वरून पट्टी गुंडाळली आणि गाठ अशी करकचून मारली की मावशींनीच कळवळून "अगं, रक्त थांबेल त्याचं!" म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी गाठ तिनेच सोडली. खाली कातडी स्वच्छ. ना लाली, ना पुरळ.

मग खलबत्ता त्याच्या पुढ्यात आला. "घोटा. तुमच्यामुळे फेकलंय." झिंक, टायटॅनियम, अभ्रक, चिमूटभर लोहाचा रंग. तो मुकाट्याने घोटत राहिला आणि घोटून झाल्यावर ती पूड तिने मऊ कुंचल्याने त्याच्या गालावर फिरवली, श्वास रोखून.

दिवे पेटले. ती कॅमेऱ्यामागे उभी. पहिली बातमी, दुसरी... हात टेबलावरच. हवामान सांगून झालं, नमस्कार झाला, तरी हात उठला नाही. मग दिवे मालवता मालवता उठला, पण गालाकडे गेला नाही. कोपराच्या आत अलगद टेकला, तिच्याकडे बघत.

कोट काढून, सवयीने बाही दुमडून तो खोलीत आला तेव्हा ती कुंचले धूत होती.

"आता यायला काही कारण उरलं नाही," तो दारातच थबकला. "तरी... आलो तर चालेल?"

तिने नळ बंद केला. त्याची दुमडलेली बाही स्वतःच्या ओल्या हातांनी खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावून टाकलं.

"उद्यापासून असा ये."