पाठीला पाठ

बाबांमागोमाग आईही गेली. त्यांची गोष्ट सांगायला आता मीच उरले आहे.

दोघंही दोरखंडाच्या कारखान्यात गुलाम. लांबच लांब शेड, दोन टोकांना दोन चाकं; एकावर आई, दुसऱ्यावर बाबा. कमरेला ताग गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाला अडकवायचं आणि चाक फिरू लागलं की बोटांतून धागा सोडत उलटं मागे जायचं. वळून बघितलं की पीळ बिघडे, मग मुकादमाचा चाबूक.

एका सकाळी शेडच्या मधोमध… धप्प! पाठीवर पाठ आदळली.

“मागे डोळे नाहीत का?” आई कुजबुजली.

“असते तर तुझ्याकडेच बघत बसलो असतो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्का.

“चुकून लागला,” बाबा म्हणाले.

“कालही चुकून, आजही चुकून?”

“उद्याही चुकणार आहे. नको असेल तर —”

 तिसऱ्या दिवशी आईच झपझप मागे येत होती. तागाचा वास, घामेजलेल्या पाठीची ऊब… तेवढंच त्यांचं प्रेम.

मग एका संध्याकाळी मुकादम आईकडे बोट करून म्हणाला, “ही पोरगी विकली. उद्या दुपारी जहाजावर चढवायची.”

सकाळी त्याच जहाजासाठी लांब दोर हवा होता. पलीकडचं चाक बंद केलं, दोर शेडबाहेर नेता यावा म्हणून त्या टोकाचं खाडीकडचं दार उघडलं आणि दोघांना शेजारीशेजारी एकाच चाकावर लावलं. मुकादम चाकाशी बसला. माणसाचं तोंड आपल्याकडे आहे म्हणजे तो कामावर आहे, एवढंच त्याला ठाऊक.

“असंच चालत राहिलो तर?” आईने ओठ न हलवता विचारलं.

“ओहोटी आहे. पलीकडच्या काठावर माणूस विकायला बंदी आहे.”

“आणि हा मुकादम?”

“त्याच्याकडे बघत चाल. हसू नकोस फक्त.”

“तूच हसतोयस!”

“पहिल्यांदाच शेजारी आहेस ना…”

उंबरठा ओलांडला. बाहेरच्या खुंट्याला दोन्ही धागे गच्च बांधले आणि भिंतीआड होऊन दोघं धावत सुटले. इतक्या लांबून मुकादमाला फक्त ताठ धागे दिसत होते; चाक फिरतंय, तो निवांत. पीळ चढून चढून धागे तटकन तुटले, तेव्हा दोघं गुडघाभर चिखलातून पलीकडच्या काठावर चढत होते.

“समोर ये,” आई धापा टाकत म्हणाली. “नीट बघू दे तरी.”

तिने बघितलं. खूप वेळ.

“लग्न करशील माझ्याशी?” बाबांनी विचारलं.

“धक्के मारणं बंद करणार असशील तर — नाही.”

त्यानंतर आई आयुष्यभर ताठ मानेने, समोर बघून चालली. घरात मात्र बाबा दिसले की मुद्दाम पाठ करायची, उलटी उलटी यायची… धप्प!

“चुकून लागला,” म्हणायची.