आत माणसे : एक

दुपारचे दोन वाजून सात मिनिटं झाली होती. सर्व्हरच्या खोलीचं दार बंद होतं. आत काम करणारी सातही माणसं बाहेर बोळात उभी होती. आणि दारावरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली होती... आत माणसे : एक.

ही घडलेली गोष्ट आहे. सेमारांगमध्ये, बंदराच्या बाजूला, एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, गेल्या ऑगस्टमधल्या एका गुरुवारी. यातल्या वेळा दाराच्या यंत्राने नोंदवल्या आहेत. बाकीचं वेनिंगने सांगितलं. त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. खाली बाह्यरुग्ण विभागात नंबर पुकारले जात होते, ते वर ऐकू येत होतं.

वेनिंगचं काम धोके सांभाळायचं; कामावर तिला म्बाक, म्हणजे ताई, म्हणत. रुग्णालयाचे सगळे संगणक ज्या सर्व्हरवर चालणार, ते बसवण्याच्या कामात काय काय बिघडू शकतं, याची यादी तिच्याकडे होती. एकूण एकेचाळीस ओळी. भरतीचं पाणी तळमजल्यात शिरेल. यंत्रं बंदरात अडकून पडतील. रॅकच्या वजनाने जमीन खचेल. प्रत्येक धोक्यापुढे उपाय, आणि उपायापुढे एका माणसाचं नाव. नियम एकच होता. ज्याचं नाव, त्यानेच ती ओळ बंद करायची.

त्या दुपारपर्यंत चाळीस ओळी बंद झाल्या होत्या.

राहिली होती सत्ताविसावी.

ती लिहून घेतली होती पारजितोने. केबलवाल्यांचा हा मुकादम. त्या खोलीत जमिनीपासून दोन फूट उंचीवर चौकोनी लाद्या बसवल्या होत्या आणि केबल त्यांच्या पोटातून जात होत्या. आग लागली तर खोलीत वायू सुटणार होता. हा वायू आग विझवतो, पण माणसालाही श्वासापुरती हवा ठेवत नाही. आधी तीस सेकंद भोंगा वाजतो. रॅकमध्ये उभा असलेला माणूस तेवढ्यात धावत बाहेर पडू शकतो. लाद्यांखाली आडवा पडलेला पडू शकत नाही.

पारजितोचं म्हणणं होतं, की दाराचं यंत्र कार्डं मोजतं, माणसं मोजत नाही. म्हणून वायू चालू करण्याआधी एकेक लादी उचलून बघायची, आणि ते मी स्वतः बघणार. यावरून तो साहेबांशी, म्हणजे हेंद्रात्मोंशी, ज्यांना सगळे आदराने पाक म्हणत, दोनदा भांडला होता. दोनशे बारा लाद्या उचलायला अर्धा दिवस जातो, असं साहेब म्हणाले होते. जाऊ दे, असं पारजितो म्हणाला होता.

मग तो गेला. देमाकच्या रस्त्यावर, मोटरसायकलवरून, पहाटे कामावर येताना. त्या गुरुवारी त्याला चौतीस दिवस झाले होते.

त्या ओळीवर दुसऱ्याचं नाव घालायला हवं होतं. त्याचं कार्डही रद्द करायला हवं होतं. वेनिंगने दोन्ही केलं नाही. चाळीस दिवस व्हायच्या आत, घरी अजून पाठ चालू असताना, माणसाचं नाव खोडायचं? आमच्याकडे हात धजत नाही. ती एकदा बसली होती, त्याच्या नावातली दोन अक्षरं पुसली होती, आणि परत लिहून ठेवली होती. कचेरीतल्या कुणीच तिला त्याबद्दल विचारलं नाही. विचारणंही बरं दिसलं नसतं.

आणि आता तीन वाजता चाचणी होती. नुसता भोंगा नाही. रुग्णालयाच्या तपासनिसांसमोर वायू खराच सोडायचा होता.

पडद्यावर एक.

"यंत्राने स्वतःलाच मोजलं असेल," पाक हेंद्रात्मो म्हणाले. दोघं-तिघं हसले.

दोघा वीजवाल्यांना आत पाठवलं. ते रॅकच्या पाचही रांगांतून फिरून आले. हाका मारल्या. एसीच्या घरघरीत त्यांचा त्यांनाच आवाज येत नव्हता, पण कोपरान् कोपरा पाहिला, असं त्यांनी सांगितलं. कुणी नाही. दोन एकोणीसला यंत्र शून्यावर आणलं. दार लावलं. सगळे दारासमोरच उभे होते.

दोन एकवीस.

दार उघडलं नाही. कुणी हलवलंसुद्धा नाही. पण कार्ड टेकल्यावर वाजते तशी बारीक शिट्टी वाजली...

आत माणसे : एक.

या वेळी कुणी हसलं नाही.

वेनिंगने हातातल्या संगणकावर दाराची नोंद उघडली. शेवटची ओळ दोन एकवीसची. बरीच वर आणखी एक, एक बावन्नची. दोन्हींपुढे एकच कार्ड होतं.

एकतीस नंबर.

तिने संगणक मिटला. पाणी पिऊन येते म्हणाली आणि जिना चढून कचेरीत गेली. तिच्या खणात एक पाकीट होतं. पारजितोची बायको त्याचं सामान परत करायला आली होती, तेव्हा वेनिंगने स्वतः ते पिना मारून बंद केलं होतं. पिना जागच्या जागी होत्या. तिने पाकीट उजेडाकडे धरलं.

एकतीस नंबरचं कार्ड आतच होतं.

ती खाली आली तेव्हा अडीच वाजले होते. चाचणीसाठी एसी नुकतेच बंद केले होते. तीन महिने कानात बसलेली घरघर एकदम थांबली होती, आणि बोळात माणसांचे श्वास ऐकू येत होते.

तिने पाकिटाबद्दल कुणाला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की आकड्याचं कारण कळल्याशिवाय वायू सोडता येणार नाही.

पाक हेंद्रात्मोंनी तिला बाजूला घेतलं. आवाज चढवणारा माणूस नव्हे तो. शांतपणे त्यांनी समजावलं, की जुनी सर्व्हरची खोली उद्या रिकामी करायची आहे, तपासनीस आज आले की परत महिनाभर येणार नाहीत, आणि पडदा बिघडला हा धोका बेचाळिसावा म्हणून लिहून टाकावा. सत्ताविसावी ओळ ते आपल्या सहीने बंद करतील.

"ती तुमची ओळ नाही, पाक," वेनिंग म्हणाली.

"मग कुणाची आहे? बोलव त्याला."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. वीजवाल्यांनी माना खाली घातल्या.

आणि त्या शांततेत...

टक. टक. टक.

आतून. दाराच्या उंचीवरून नाही. खालून, पायाशी.

"एसी निवतायत," साहेब म्हणाले. "पत्रा आकसतो." त्यांनी वायूची किल्ली मुठीत घट्ट धरली होती. ती भोकात घालून फिरवली की अर्ध्या मिनिटात काम झालं असतं.

वेनिंगने हात पुढे केला.

"किल्ली माझ्याकडे द्या. पारजितो नाही, तर त्याचं काम मी करते. दोनशे बारा तर दोनशे बारा."

"म्बाक वेनिंग, तीनला तपासनीस येतील."

"बसवा त्यांना. कॉफी पाजा. आत कुणी मेलं तर ओळ तुमच्या सहीने बंद होणार आहे, हे एकदा मोठ्याने म्हणून बघा, पाक."

साहेबांनी ते मोठ्याने म्हटलं नाही. किल्ली दिली.

लादी उचलायला रबरी वाट्यांची एक मूठ असते. ती दाबून बसवायची आणि ओढायचं. वेनिंगने दार सताड उघडं ठेवायला लावलं आणि एकटी आत गेली. दुसरं कुणी पुढे झालं नाही, आणि तिने कुणाला म्हटलंही नाही.

पहिली रांग. लादी उचलली, विजेरी टाकली. केबल. बंद. पुढची. केबल. बंद.

दुसऱ्या रांगेपर्यंत तिच्या लक्षात आलं, की ती थांबली की आणखी एक आवाज थांबतोय...

पावलांचा. लाद्यांवरून, रॅकच्या पलीकडच्या बाजूने.

तिने वळून बघितलं नाही. ती म्हणते, बघितलं असतं तर पुढची लादी उचलताच आली नसती.

चौथ्या रांगेत, भिंतीपासून तिसरी लादी उचलेना.

मूठ नीट बसली होती. तिने दोन्ही पाय रोवून ओढलं. शेजारची लादी जराशी हलवून पाहिली, ती अलगद सुटली. ही नाही. अडकलेली नव्हती. अडकलेली लादी एका कडेला हलते. ही चारही बाजूंनी सारखी दबलेली होती.

कुणी वर उभं असल्यासारखी.

लादी रिकामी होती. तिच्या डोळ्यांसमोर, विजेरीच्या उजेडात, चौकोनी, राखाडी, रिकामी.

वेनिंगने मूठ सोडली. दोन्ही हात जोडून कमरेत वाकली, वडीलधाऱ्यांसमोरून जाताना वाकतात तशी.

"मास पारजितो, दादा, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला बघू द्या."

काही झालं नाही.

मग लादीने श्वास सोडावा तसा हलका आवाज झाला... आणि ती वर आली.

खाली माणूस होता.

उताणा, हात छातीवर घेतलेले, डोळे उघडे. विजेरीच्या उजेडात त्याने पापणी हलवली, तेव्हा वेनिंगच्या तोंडून आवाज फुटला आणि बाहेरचे सगळे धावत आले.

तो तुकिजान होता. पारजितोच्याच हाताखालचा केबलवाला, पन्नाशीचा. सकाळी कार्ड घरी विसरला म्हणून त्याची नोंद नव्हती, आणि तो आज आलाच नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. एका केबलची गाठ आपल्याकडून चुकीची बसलीय, हे त्याला रात्रभर टोचत होतं. साहेबांना सांगायची लाज वाटली. म्हणून एकच्या सुमारास वीजवाल्यामागून गुपचूप आत शिरला, लादी उचलून खाली उतरला आणि वरून ओढून घेतली. पाच मिनिटांचं काम होतं.

यंत्राने त्याला मोजलं नव्हतं. मोजणं शक्यच नव्हतं.

तपासनीस तीनला आले आणि कॉफी न घेताच परत गेले. पुढच्या आठवड्यात, त्यांच्याशिवायच, सगळ्या लाद्या उचलून बघून चाचणी झाली. वायू पाठीमागच्या भिंतीपर्यंत, म्हणजे तुकिजान पडला होता त्याच्याही पलीकडे, पोचायला एकोणीस सेकंद लागले. ते ऐकून पाक हेंद्रात्मो स्वच्छतागृहात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पारजितोच्या चाळिसाव्याला सगळे त्याच्या घरी गेले. भाताचे डबे वाटले गेले. वाटताना वीजवाल्यांपैकी एकाने त्याच्या बायकोला सांगितलं, की तुमच्या माणसाने एक जीव वाचवला. ती रडली. तिला बरं वाटलं असावं.

तुकिजान त्या दिवशी आला नव्हता.

वेनिंग नंतर त्याला भेटायला गेली. त्याने काम सोडलं होतं.  त्याने सांगितलं, की गाठ सोडवून तो दहा मिनिटांत वर यायला निघाला होता. लादी उचलेना. वर कुणीतरी उभं होतं. त्याने हाका मारल्या, आवाज बसेपर्यंत. सरपटत दुसऱ्या लादीखाली गेला. डोक्यावरून पावलं त्याच्याबरोबर आली आणि त्या लादीवर थांबली. तिसरीवरही तेच.

दीड तास.

"आणि ठोकलंस कधी?" वेनिंगने विचारलं. "तीनदा?"

"मी ठोकलं नाही, म्बाक. माझे हात छातीवर होते, तुम्ही बघितलेत."

तो पुढे म्हणाला, "ते म्हणतात, त्याने मला वाचवलं. मग मला वर का येऊ दिलं नाही?"

  हे वेनिंगने माझ्याखेरीज कुणाला, पारजितोच्या बायकोला तर नाहीच, सांगितलेलं नाही.

दाराचं यंत्र दोनदा बदललं. कार्ड एकतीस रद्द केलं, मग कात्रीने कापलं. तरी खोली बंद केली की पडद्यावर एक येत राहिला. म्हणून अकरा महिने वायू हाती ठेवला आहे. आपोआप सुटणार नाही, किल्लीनेच सुटेल, आणि किल्ली वेनिंगकडे. सत्ताविसावी ओळ उघडी आहे. नाव त्याचंच आहे. रुग्णालयवाले दर महिन्याला पत्र पाठवतात, की आकडा शून्य आल्यावर तीच किल्ली उलटी फिरवून वायू आपोआप सुटण्यावर टाकावा.

गेल्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी, खोली बंद केल्यावर आकडा शून्य आला.

वेनिंगने त्या दिवशी दोनशे बारा लाद्या उचलल्या. बुधवारी परत उचलल्या. कुणी सापडलं नाही. आकडा अजून शून्यच आहे.

किल्ली तिने फिरवलेली नाही.