सोनमच्या गाण्यातली शांतता

यात एकही शब्द पदरचा नाही. हर्षिता माझी मावसबहीण, आणि हे गेल्या मार्चमध्ये तिच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये घडलंय. रात्र नव्हती. चांगली लख्ख दुपार होती.

तिची शमिका चार वर्षांची. पोरीला सांभाळायला हर्षिताने सोनमला ठेवलं होतं. नेपाळच्या डोंगरातली, कामाला चोख. हर्षिता आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची. जेवणं झाली की सोनम हॉलमध्ये शमिकाला मांडीवर घेऊन गावाकडचं लोकगीत म्हणायची.

चाल मोठी गोड. ऐकून ऐकून हर्षिताही गुणगुणायला लागली.

पण एक गोष्ट तिला खटकली.

सोनम एक कडवं म्हणायची... आणि थांबायची.

कुणीतरी पुढचं कडवं म्हणत असावं, तेवढाच वेळ. मग खुदकन हसून परत सुरू.

हर्षिताच्या मनात पाल चुकचुकली. फोनवर कुणी आहे? की ही कुणाला घरात घेते? तिने गुपचूप हॉलमध्ये कॅमेरा बसवला.

कॅमेऱ्यात फोन दिसला नाही. माणूसही नाही. सोनम थांबली की नुसती शांतता... पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नाही.

आणि त्या शांततेत सोनम बाल्कनीकडे बघायची.

शमिकासुद्धा.

हर्षिताने सोनमला समोर बसवलं. "खरं सांग. कुणाबरोबर गातेस?"

 सोनम मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "आमच्याकडे हे गाणं दोघांचं असतं, दीदी. एकाने विचारायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे रचून उत्तर द्यायचं. जो अडला तो हरला. हरलं की जिंकणाऱ्याबरोबर जायचं. मी एकदा जत्रेत उत्तर दिलं... तेव्हापासून तो विचारतोच आहे."

"तो म्हणजे कोण?"

"चेहरा नाही बघितला."

हर्षिताला हे पटणं शक्यच नव्हतं. पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरवते, म्हणून तिने सोनमला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. तिचा कानडी नवरा गिरीराजही त्याच्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाला, "सरी, बरं झालं. स्वल्प विचित्रच होती ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षिता मीटिंगमध्ये होती.

हॉलमधून गाणं आलं...

शमिका गात होती. बाल्कनीकडे तोंड करून, अस्खलित नेपाळीत. एक कडवं... शांतता... परत एक कडवं...

 हर्षिताने सोनमला फोन लावला.

"शमिका उत्तर देते?" सोनमने एवढंच विचारलं.

"हो! काय आहे हे? थांबव आधी!"

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

"म्हणून आज तो माझ्याकडे आला नाही."

फोन बंद.

तेवढ्यात शमिका वळली. 

"आई... मला पुढचं येत नाही."

शांतता लांबत चालली... पोरीचा हात हळूहळू वर गेला. कुणी बोट धरून नेल्यासारखी ती बाल्कनीकडे निघाली.

हर्षिताने झेप घेऊन तिला कवटाळलं. आणि सुचेल ते, मराठीत, त्याच चालीवर गायला लागली.

शमिकाचा हात खाली आला.

आता हर्षिता मल्लेश्वरमला सासूकडे राहते. सोनम स्वतः उत्तरं देऊन शमिकाला वाचवत होती, की स्वतःची सुटका करायला तिने मुद्दाम पोरीला ते गाणं शिकवलं... हे हर्षिताला आजही कळलेलं नाही. मला विचाराल तर माझा सोनमवरचा संशय जात नाही.

परवाच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. दुपारचा चहा ओतता ओतता ती मध्येच थांबली. खिडकीकडे वळून एक कडवं म्हणाली. मी काही विचारणार, तर तिने हातानेच गप्प केलं.

मला काहीच ऐकू आलं नाही. पंख्याचा आवाजसुद्धा...

निघताना तिने माझा हात घट्ट धरला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "अक्का, आता मला नवीन काही सुचत नाही गं. तुला गाता येतं ना?"

मी नाही म्हणाले.

लहानपणी आम्ही दोघी एकाच बाईंकडे गाणं शिकलोय.