कुलपाच्या मोटरीवर चढलेला घाट

तिसऱ्या वळणावर गाडीने पुन्हा मान टाकली. स्तामेनकाकांनी पाय जोरात दाबला तशी ती नुसती घरघरली आणि जागच्या जागी उभी राहिली. काकांनी शिव्या गिळल्या आणि गाडी उलटी घेत घेत खाली आणली. मागच्या सीटवर तेरा वर्षांची रालित्सा आणि तिचा धाकटा भाऊ झाप्रियान बसली होती. दोघांच्या मध्ये आजोबांसाठी घेतलेली उशी होती. ती रिकामीच परत आली.

विचो आजोबा घाटापलीकडच्या हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं, आमच्याकडून व्हायचं ते झालं, आता घरी न्या, असतील तितके दिवस. तेव्हापासून आजोबा रोज फोनवर एकच विचारत, कधी येताय. दोन बस बदलून यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. गावातली तरणी माणसं जर्मनी नाहीतर स्पेनमध्ये, आणि चालणारी गाडी गावात एकच, आजोबांची. तीही आता कसली चालणारी?

अंगणात येताच काकांनी बॉनेट उघडलं, दोन नळ्या हलवून पाहिल्या, सिगारेट पेटवली आणि इंजिन मेलं असं जाहीर केलं. काकांना इंजिनातलं जेवढं कळे, त्याच्या दुप्पट बोलता येई. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो म्हणाले आणि निघाले चौकातल्या कॉफीच्या दुकानाकडे.

"जा," नेदा आजी पायरीवरून म्हणाली. "तिथल्या खुर्च्यांना चाकं आहेत का बघ. त्या चढतील घाट."

काका गेले. आजी भाजलेल्या मिरच्या सोलायला बसली. टोपली भरली तरी सोलतच राहिली.

रालित्साला मात्र एक गोष्ट खटकत होती. मेलेलं इंजिन सपाटीला बरं धावतं आणि नेमकं जोर लावायच्या वेळी का गुदमरतं? तिने झाप्रियानला गाडी सुरू करायला लावली आणि बॉनेटखाली कान दिला. कुठूनतरी सूं असा बारीक आवाज येत होता. आवाजाच्या मागे बोट नेत ती एका पत्र्याच्या डबीपाशी पोचली. डबी तळहाताएवढी, गंजून भोक पडलेली.

गाडीतल्या तेलकट पुस्तकात त्या डबीचं चित्र सापडलं. इंजिनाला हवा आत घ्यायला दोन वाटा होत्या. सावकाश धावताना लांबची वाट, जोर लावताना जवळची. मध्ये एक झडप, आणि ती झडप ओढून उघडायची ते या डबीने. डबीच फुटली, म्हणून झडप उघडेना शिवाय भोकातून नको ती हवा आत शिरत होती.

"पण बाकी सगळं तेलाने माखलंय," झाप्रियान म्हणाला. "गंज फक्त इथेच कसा?"

रालित्साने गंजाच्या ओघळामागे नजर वर वर नेली. तो बॉनेटच्या फटीपाशी संपला. तिथूनच पाणी आत शिरत होतं. घरातून कुणी निघालं की बाया उंबऱ्यापुढे पाणी ओततात, काम पाण्यासारखं वाहावं म्हणून. नेदा आजीला तेवढ्याने समाधान कुठलं! तिचा नवरा निघाला की ती तांब्याची अख्खी कळशी गाडीच्या नाकावर रिकामी करायची. पंधरा वर्षं.

रालित्साने बोट चटकन मागे घेतलं. पण आजीने पाहिलं होतं.

"माझंच पाणी ना?"

रालित्साने तेलकट पुस्तक पुन्हा उघडलं.

"तुझा आजोबाही असाच गप्प बसायचा, मी चुकले की," आजी म्हणाली आणि सुरी तिथेच टाकून आत गेली.

नवी डबी यायला दोन आठवडे लागतील असं शहरातल्या दुकानदाराने फोनवर सांगितलं. दोन आठवडे आजोबांकडे होते की नाही, हे विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही.

गोठ्यामागे शेजाऱ्यांची एक मोडकी गाडी पडली होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. तिच्या चारही दारांत कुलूप लावणारी छोटी मोटर होती, दांडी पुढे ढकलणारी नि मागे ओढणारी. झडपेला तरी दुसरं काय हवं होतं? कोंबड्यांच्या टोची खात दोघांनी एक मोटर काढली, सायकलचा आरा वाकवून दांडी केली, पनीरच्या डब्याचा पत्रा कापून बैठक केली. फुटक्या डबीची नळी बोल्ट घालून बंद केली. झाप्रियानने वायरी थेट बॅटरीला जोडल्या. टक! झडप उघडली. दोघं नाचली. एक मिनिट झालं नाही तोच जळका वास आला आणि धूर निघाला. कुलपाची मोटर क्षणभर चालायची असते, सतत वीज दिली की संपली.

उरलेल्या तीन मोटरींपैकी दोन गंजलेल्या निघाल्या. आता एकच. झाप्रियान जमिनीवर बसून रडू लागला. हीपण जाळू आपण, म्हणाला, आणि आजोबा तिथेच मरतील, अनोळखी खाटेवर.  रालित्सा त्या मोडक्या गाडीत नुसती बसून राहिली. समोर दारावर काच वरखाली करायचं बटण होतं. गाडी चालती होती तेव्हा दाबलं की काच चढे, सोडलं की थांबे, उलटं दाबलं की उतरे. तिने ते तीनदा दाबून सोडलं. मग पेचकस घेऊन ते बटण काढलं.

रविवारी सकाळी काकांनी झडपेवर बसवलेली शेवटची मोटर आणि तिच्यापासून वायरीने मागच्या सीटपर्यंत नेलेलं बटण पाहिलं आणि हसले. दाराचं कुलूप इंजिनाला? मग बॉनेटला पडदेही लावा, म्हणाले.

"पडदे मी शिवते," आजी म्हणाली. "तू स्टिअरिंग धर. तेवढं तरी येतं ना?"

ती कळशी घेऊन आली होती. बॉनेटपासून चार पावलं लांब उभी राहिली आणि खाली मान घालून सगळं पाणी मातीत ओतलं.

तिसऱ्या वळणावर इंजिन ओरडू लागलं तसं रालित्साने बटण दाबून सोडलं. टक. गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी झाली आणि चढली. काकांनी आरशातून मागे पाहिलं. 

परतताना आजोबांचं डोकं रालित्साच्या मांडीवर होतं. इतकं हलकं, की तिला मांडी हलवायची भीती वाटत होती. चढ लागला. टक. आजोबांनी डोळे उघडले.

"ही झडप कोण उघडतंय?"

"मी..." काकांनी सुरुवात केली, आणि त्यांचे कान लाल झाले. "पोरांनी बसवलंय, बाबा. मी तर गाडी भंगारात काढली होती."

आजोबांनी इंजिनाच्या आवाजाकडे कान लावला. "उशिरा दाबतेस, पोरी. ओरडायच्या आधी दाब."

पुढच्या वळणाआधी तिने दाबलं.

"आत्ता बरोबर," आजोबा म्हणाले. "चाळीस वर्षं गाड्या हाकल्या मी. हे मला सुचलं नसतं." त्यांनी झाप्रियानचा काळा झालेला हात चाचपडत शोधला आणि धरून ठेवला.

घाटमाथ्यावर रस्ता सपाट झाला. खाली गाव दिसू लागलं. आजोबांचे डोळे पुन्हा मिटले होते, श्वास चालू होता. उताराला झडपेची गरज नव्हती. तरी घर येईपर्यंत रालित्साने बटणावरचं बोट काढलं नाही.