झाकणावरचा हिरवा

या, बसा. अजून जवळ सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. आज एक गोष्ट सांगतो. गुन्हेगार ओळखायच्या सगळ्या खुणा वाटेत तुमच्या ओंजळीत टाकीन. ओंजळ तेवढी सैल सोडू नका.

सकाळी सात वाजता, कॅम्प-1 वस्तीतल्या गॅरेजात शालूबाईनं रंगखोलीचं दार ढकललं. दार अडलं. आत दाराशीच तिचा नवरा कवडू पेंटर पडला होता. थिनरचा डबा उपडा. अंग गार.

"बुढा पंखा लावायचा विसरला. थिनरनं गुदमरला," हवालदार म्हणाला. "हादसा आहे, मॅडम."

फौजदार सुमेधा ठवरे खाली वाकली. कवडूच्या दोन्ही हातांची नखं तुटलेली होती. दाराला आतून ओरखडे होते. कडी आणि पंख्याचं बटण, दोन्ही बाहेरच्या बाजूला.

"मावशी, काका पंखा विसरायचे?"

"चाळीस वर्षांत नाई. जेवण विसरले असतील, मले विसरले असतील. पंखा नाई."

शेडमध्ये जुनी फियाट उभी होती. बोरसीच्या ठेकेदार देवेंद्रच्या वडिलांची. देवेंद्रच्या मुलीला, वैभवीला, लग्नात याच गाडीतून निघायचं होतं, तेही गाडी नवी असताना तिचा जो रंग होता त्याच रंगात. देवेंद्र "पांढराच होता" म्हणत राहिला. तिनं ऐकलं नाही. नजरेनं रंग जुळवणारा म्हणून कवडूकडेच गाडी पाठवली.

कवडूची रीत ठरलेली. जागोजागी रुपयाएवढंच घासायचं. कापलेल्या खोडासारखी वलयं दिसतात. बॉनेटवर दिसत होती: पांढरा, खाली मरून लाल, खाली राखाडी अस्तर, तळाशी हिरवा.

डावं मडगार्ड मात्र सगळंच्या सगळं पत्र्यापर्यंत खरवडलेलं होतं. खाली हिरव्या कणांत लांबीचा, म्हणजे पोचा बुजवायच्या पुट्टीचा, भुगा पडला होता.

"हे काकांनी केलं?"

"हे तं कसायाचं काम हाय," शालूबाई म्हणाली.

खिडकीत डब्याचं एक झाकण वाळत होतं. त्यावर गडद, शेवाळी हिरवा. जुळवलेला प्रत्येक नमुना कवडू असाच झाकणावर वाळवायचा.

"ओल्यावर भरोसा ठेवू नोको, म्हणत. ओला रंग फिका दिसते, वाळला का खरा रंग सांगते."

सुमेधानं झाकणावरून बोट फिरवलं. एका जागी बोट अडलं.

"मावशी, काल काका काही वेगळं वागले?"

"दुपारी घरी आले. फळीवरची नागसेनची डबी घेऊन गेले. कावून, ते सांगतलं नाई."

नागसेन त्यांचा एकुलता पोरगा. नऊ वर्षांचा असताना, चार मार्च शहाण्णवला, एका गाडीनं सायकलसकट उडवला. गाडी सापडली नाही. सायकलच्या घंटीत रंगाचा एक टवका अडकला होता. अठ्ठावीस वर्षं तो टवका त्या डबीत होता. डबी आता कवडूच्या खिशात होती, रिकामी.

"कोनं मारलं माह्या पोराले, एवढं समजल्याबिगर मी मरत नाई," शालूबाई म्हणाली. "आता तं यायलेबी मारलं."

दुपारी सुमेधा बोरसीत गेली.

"शेवटचं गॅरेजात कधी गेला होतात?"

"रविवारी. बेटीनं सगळं पाहिलं," देवेंद्र म्हणाला.

"काल?"

"बिलकुल नाही."

"वैभवी सांगते, काल काकांनी तिला फोन केला, रंग सापडला, हिरवा."

"हो, ती म्हणाली. पण तो पोपटी रंग आमच्या गाडीचा नव्हताच. बुढ्याची नजर गेली होती."

सुमेधानं वही मिटली. "चला, गाडी बघून घेऊ."

शेडमध्ये शालूबाईसकट चौघं उभी राहिली. सुमेधानं झाकण वैभवीच्या हातात दिलं. "हा कोणता हिरवा?"

"डार्क. शेवाळासारखा."

"फोनवर काका काय म्हणाले?"

"फक्त हिरवा. पाच वाजता. म्हणाले, आत्ताच लावलाय, वाळू दे."

"देवेंद्रजी, हा रंग पोपटी दिसायला तो ओला पाहावा लागतो. ओला होता फक्त काल संध्याकाळी. इथे."

सुमेधा मडगार्डकडे वळली.

"काकांनी तुम्हाला मडगार्ड दाखवलं. हिरव्यावर लांबी, म्हणजे तिथे पोचा बुजवलेला. टवका ओल्या रंगावर चिकटवून दाखवला. तुम्ही म्हणालात, बघा, जुळत नाही. ते म्हणाले, वाळू द्या. वाळेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. त्यांना आत ढकलून कडी घातलीत, पंखा बंद केलात. दार वाजायचं थांबेपर्यंत मडगार्ड खरवडत बसलात. मग कडी काढून निघून गेलात. झाकणं इथे शेकड्यानं आहेत, म्हणून ते राहिलं. ताई, बोट फिरव."

वैभवीचं बोट अडलं. टवका होता, पण दिसत नव्हता. वाळलेल्या रंगात तो पुरता मिळून गेला होता.

"पप्पा?"

"बाईस का था मैं!" देवेंद्र ओरडला. "तीस साल बाद गडे मुर्दे! और गाडी को मरून किसने किया, पूछो? इसी बुढ्ढे ने!"

शालूबाईनं सुमेधाकडे पाहिलं. सुमेधानं मान खाली घातली. तिनं ते सकाळीच पाहिलं होतं. कवडू आपल्या प्रत्येक कामावर, डॅशबोर्डच्या मागे, ब्रशनं तारीख आणि पोराचं नाव लिहायचा. तिथे मरून अक्षरं होती: नागसेन, १२-३-९६.

पोराला जाऊन आठवाच दिवस. घरात दाणा नव्हता. गाडी आली ती पोचा बुजवून, वरून खालपर्यंत राखाडी अस्तर मारून. आतला हिरवा कवडूला दिसलाच नाही. पोराचा खून त्यानं स्वतःच्या हातानं, तीन कोट देऊन झाकला. वर प्रेमानं पोराचं नावही लिहिलं.

"त्यायले हे काल समजलं असन," शालूबाई म्हणाली, "आन् मंग त्या खोलीत..." तिनं झाकण वैभवीकडून घेतलं आणि पदराखाली धरलं.

देवेंद्रला नेलं. वैभवीचं लग्न त्या साली झालं नाही.

उठण्याआधी एक मागणं आहे. चकचकीत जुनी गाडी रस्त्यानं जाताना दिसली, तर तिच्या रंगाचं कौतुक जरूर करा. पण घडीभर कवडूचीही आठवण काढा. रंग जुळला होता हो त्याचा, अगदी तंतोतंत. वाळेपर्यंत त्याला कुणी जगू दिलं नाही.