काढून टाकलेला जिना

आमच्या कामात नाव होत नाही, बदनामी मात्र हमखास होते. सरकारी पैशातून जुन्या शाळांची डागडुजी करायची. कुठे छप्पर गळतंय, कुठे भिंतीला तडे गेलेत, कुठे स्वच्छतागृहाला दारच नाही. सुट्टी लागली की आमची धावपळ सुरू, आणि शाळा उघडली की सगळे आमच्या नावानं खडे फोडायला मोकळे. त्या दिवशी मी निघाले ते अगदीच किरकोळ कामाला. शहराच्या टोकाला एका शाळेचा जुना लाकडी जिना काढून तिथे सिमेंटचा बांधायचा होता. लाकडी काढून झाला होता. रिकाम्या जागेचा फोटो घेऊन ऑफिसला पाठवला की पुढचं काम सुरू करता येणार होतं. म्हटलं, जाता जाता उरकून टाकू.

जिना काढायचा निर्णय माझाच. वाळवीनं तो आतून इतका पोखरला होता की पायरीवर अंगठा दाबला तर रुतायचा. पण शाळेच्या मुख्याध्यापिका काही केल्या ऐकत नव्हत्या. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे, मीही म्हणायचे. त्याच शाळेत शिकलेल्या, तिथेच शिकवून केस पांढरे केलेल्या, आता निवृत्तीला टेकलेल्या.

"अगं, किती पोरींना वर नेलंय या जिन्यानं," त्या मला म्हणाल्या होत्या. "त्यालाही सवय झाली असेल की."

"बाई, सवय वाळवीलाही झालीय," मी म्हटलं.

एरवी माझ्या असल्या बोलण्यावर त्या हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत.

मी पोचले तेव्हा दुपारच होती, पण आभाळ असं दाटून आलं होतं की दिवेलागण झाल्यासारखं वाटावं. लोखंड आलं नव्हतं म्हणून ठेकेदारानं आपली माणसं दुसरीकडे नेली होती. फाटकावर पहारेकरी काका एकटेच बसले होते.

"बाई आल्यात," ते म्हणाले. "वर गेल्यात."

"वर? शिडी लावून दिलीत की काय त्यांना? या वयात?"

"शिडी कुठली? शिडी तर ठेकेदार घेऊन..."

बोलता बोलता ते थांबले. आपण काय म्हणालो ते त्यांना तेव्हाच उमगलं असावं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि आत शिरलो.

व्हरांड्यात खडूचा आणि कुजक्या लाकडाचा वास भरून राहिला होता. जिन्याच्या जागी आता वरपर्यंत नुसती पोकळी होती. भिंतीवर मात्र जिना अजून दिसत होता. इतक्या वर्षांचा रंग पायऱ्यांच्या कडेकडेनं लागला होता, आणि पायऱ्यांमागची भिंत तशीच मातकट राहिली होती. पायरीपायरीनं चढत जाणारा तो डाग अर्ध्यावर वळून वरच्या मजल्याला टेकत होता. भिंतीवर कुणीतरी सावली विसरून गेल्यासारखा.

"बाई?" मी हाक मारली.

"आलीस का? बरं झालं." वरून आवाज आला, आणि पाठोपाठ बाईच पुढे आल्या. जिथे वरच्या मजल्याच्या लाकडी फळ्या संपत होत्या, अगदी त्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही... वर कशा गेलात?"

"कशी म्हणजे? जिन्यानं. थांब, मीच येते खाली. गुडघे कुरकुरतात, पण उतरायला जमतं."

आणि त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

मी ओरडणार होते, पण ओरडले नाही. कारण त्यांचं पाऊल टेकलं. कशावर ते विचारू नका. मला मधे फक्त हवा दिसत होती आणि तिच्यापलीकडची भिंत. पण लाकूड करकरलं. जुन्या पायरीवर वजन पडलं की करकरायचं तसंच, लांबलचक. मग दुसरं पाऊल, पुन्हा करकर. बाईंचा एक हात कंबरेच्या उंचीवर नसलेल्या कठड्यावरून सरकत होता.

"अहो बाई, खाली ब..."

काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्यांच्या तोंडावर हात दाबला. का कुणास ठाऊक, पण मला त्या क्षणी पक्कं कळलं होतं की बाईंना कळता कामा नये. जोवर त्यांच्या लेखी जिना आहे, तोवरच तो आहे. त्यांनी एकदा पायाखाली पाहिलं की संपलं.

"बाई," मी म्हटलं. "इकडे, माझ्याकडे बघून बोला ना. नीट ऐकू येत नाहीये."

"काय बोलू?"

"काहीही. लेक कशी आहे तुमची?"

"लेकीचं काय, मजेत आहे. ये म्हणते राहायला. मी म्हटलं, शाळा सुटली की येते..."

त्या बोलत होत्या, उतरत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांवरून नजर हटवली नाही. हाताखाली काकांचा श्वास गरम गरम लागत होता. जिथे जिना वळायचा तिथे आल्यावर बाई थांबल्या. माझ्यावरची त्यांची नजर ढळली आणि खाली वळली.

"बाई..."

"अगं, थांब. या बघ कशा बसल्यात दाटीवाटीनं. सरका गं... वाट अडवून बसू नये."

वर, त्या रिकाम्या हवेत, सळसळ झाली. बऱ्याच जणींनी एकदम कपडे आवरून घ्यावेत तशी. एकजण दबक्या आवाजात हसली. बाईंनी पाय उचलून, जपून, कुणाच्या अंगावर पडू नये असा टाकला आणि पुढे आल्या.

त्या शेवटच्या पायरीवरून उतरताच मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. तळवे गार होते, लाकडाच्या भुश्यानं भरलेले. आता त्यांनी मागे वळून पाहिलं.

त्या ओरडल्या नाहीत. भिंतीवरचा तो डाग पाहत खालीच बसल्या. काकांनी आणि मी त्यांना उचलून बाहेर पायरीवर आणून बसवलं. काकांनी पाणी आणलं. त्यातलं निम्मं त्यांच्या हनुवटीवरूनच ओघळलं.

"मी तर जाणारच नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. "रिकामी जागा बघायला नको वाटत होतं मला. दारातूनच परत फिरत होते. पण तू वरून हाक मारलीस..."

"मी?"

"तूच की. ‘बाई, वर या.’ पुढे तूच होतीस, पाठमोरी. जिना काढलाय हे विसरूनच मी आपली तुझ्या मागोमाग चढले."

"बाई, मी तर आत्ता येतेय."

आभाळ आणखी खाली आलं होतं. कुठे पानही हलत नव्हतं. आणि त्या शांततेत आतून आवाज आला.

"काका... जरा वर या ना."

माणसाला स्वतःचा आवाज पटकन ओळखता येत नाही म्हणतात. मला आला. ‘ना’ किंचित लांबवायची माझी खोड त्यात होती. काका सवयीनं उठून दोन पावलं चाललेसुद्धा. मी त्यांच्या सदऱ्याला धरून मागे खेचलं. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं.

"काका... येताय ना?"

आम्ही दाराला कुलूप घातलं, बाईंना गाडीत बसवलं आणि निघालो. फोटो घ्यायचा राहूनच गेला.

ऑफिसात मी काय सांगणार होते? साहेबांनी मला वेड्यात काढलं असतं. फोटोसाठी सहकाऱ्याला पाठवलं, आणि तो घेऊन आलाही. सिमेंटचा जिना ठरल्या वेळी बांधून झाला. तो तपासायलाही मी त्यालाच पाठवलं. काकांनी काम सोडलं. बाई लेकीकडे राहायला गेल्या. एकदा मी भेटायला गेले होते. लेक मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई तुमच्याशी फोनवर बोलत नाही, रागवू नका. तुमचा आवाज ऐकला की ती उठून चालायला लागते." मी पुन्हा गेले नाही.

शाळा उघडून काही महिने झाले होते. एका सकाळी नव्या मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं.

"मॅडम, तुमचे आभार मानायचे राहिलेच. मुलींशी इतकं गोड बोलणारे अधिकारी कुठे मिळतात हल्ली?"

"मी... कधी बोलले?"

"अहो, येता की अधूनमधून. मला फक्त विचारायचं होतं, अगदी वरच्या मजल्यावर दिवे कधी बसवणार? मी परवा जाऊन आलो. उजेड जरा कमी आहे, बाकी काम छान झालंय. आत्ता चौथीचा चित्रकलेचा तास तिथेच चाललाय."

"अगदी वरचा म्हणजे?"

"पहिल्याच्या वरचा."

त्या शाळेला पहिल्याच्या वर मजला नाही. वर कौलं आहेत, आणि कौलांवर आभाळ.

गाडी मी कशी हाकली ते मला आठवत नाही. अंगणात गाडी लावून उतरले आणि मान वर करून उभी राहिले. कौलंच होती. शेवाळलेली, नेहमीसारखी. तेवढ्यात घंटा झाली आणि चौथीच्या मुली ओळीनं जिना उतरून, हसत खिदळत अंगणात आल्या. मी मुख्याध्यापकांना त्या पटावरून मोजायला लावल्या. एकही कमी नव्हती. मी वर जाऊन पाहिलं नाही, पण अंगणातूनही स्पष्ट दिसत होतं, सिमेंटचा जिना पहिल्या मजल्याला टेकून तिथेच संपत होता. माझा जीव भांड्यात पडला.

एक चुणचुणीत मुलगी माझ्यापाशी आली आणि हातातला कागद पुढे करून म्हणाली, "बघा, पूर्ण झालं."

चित्र खूप उंचावरून काढलेलं होतं. शाळेची कौलं, पाण्याची टाकी, पलीकडच्या घरांची छपरं, सगळं खाली, लहान लहान. अंगणात एक गाडी. गाडीजवळ मान वर करून उभी असलेली एक बाई.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"तुम्ही."

"आणि तू कुठे बसून काढलंस?"

इतकं साधं कसं कळत नाही, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याच शेजारी."