डावीकडची काच

विक्रोळीच्या एका कारखान्यात मी रंगखात्यात होतो. घाटकोपरला पंतनगरात आमची खोली. मी आणि शकु, दोघंच. रविवारी गॅलरीत बसून मी एक वेगळं काम करायचो. मुलुंडच्या एका मैदानावर काही हौशी मंडळी रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारी पळवायची. परदेशातून कुणाकुणाकरवी आणलेल्या. त्या आपटल्या, फुटल्या की माझ्याकडे यायच्या.

या गाड्यांचं वरचं कवच, सगळे त्याला बॉडीच म्हणायचे, पारदर्शक प्लास्टिकचं असतं. रंग आतून मारतात, म्हणजे बाहेरची चकाकी जात नाही. खिडक्यांच्या जागा बिनरंगी सोडायच्या, त्या काचेसारख्या दिसतात. बॉडी तडकली की तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग आतून जाळीचं कापड चिकटवायचं आणि त्यावर रंग. खालून सगळं उघडंच. पालथं घातलेलं टोपलं म्हणा ना.

शहाऐंशीच्या मे महिन्यात नलिनीताई आल्या. त्यांच्या मिस्टरांना, शिवदासना, मी मैदानावर ओळखत होतो. हसरा माणूस. आपल्या छोट्या गाडीला त्यांनी माझ्याकडून स्वतःच्या फियाटचाच फिकट निळा रंग मारून घेतला होता, नंबरही तोच घातला होता. होळीच्या दिवशी ते फियाट घेऊन घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. त्यांच्या ऑफिसातली मीराही त्या दिवसापासून दिसली नव्हती. मंडळींनी त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

नलिनीताईंनी पिशवीतून बॉडी काढली. पुढचा भाग चेपलेला, टपावर तडे, आत सुकलेला चिखल.

"मीच फेकली," त्या म्हणाल्या. "ते जिना उतरत होते ना, तेव्हा. गॅलरीतून खाली भिरकावली, ती सोसायटीच्या टाकीत पडली. वॉचमननं काल टाकी साफ करताना काढली."

"होईल नीट," मी म्हणालो.

"होती तश्शी करा, भाऊ. ते आले तर त्यांना दिसायला हवी."

मी आधी चिखल धुतला. तड्यांभोवतीचा जुना रंग खरवडला, चेपलेला भाग गरम हवेने हळूहळू वर काढला. टपावरचा पहिला तडा बुजवला आणि बॉडी उन्हात कठड्यावर ठेवली. कठडा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता. थोड्या वेळाने बघतो तर सगळ्या खिडक्या आतून धुरकटलेल्या.

ओल राहिली असेल, असं म्हणून मी कापसाने पुसलं. पुन्हा धुकं धरलं. बॉडी उचलून खालून बघितलं. आत वारा खेळत होता, धुकं टिकायला जागाच नव्हती. तरी होतं.

शकुने त्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट लागतंय," ती म्हणाली.

"केमिकल असेल. तोंडात काय घालतेस?"

"अहो, खाडीचं पाणी मला कळत नाही होय?"

पुढच्या सुट्टीला मी दुसरा तडा बुजवला. धुकं दाट झालं. उजवीकडच्या पुढच्या खिडकीत, जिथे ड्रायव्हर बसतो तिथे, धुक्यात एक पुसलेली रेघ होती. तांदळाच्या दाण्याएवढी, जराशी वाकडी. प्रवासात काच धुरकटली की आपण बाहीने पुसतो, तशी. ती आतून होती. मी हात लावलेला नव्हता.

मी यंत्रांत वाढलेला माणूस. कापसाचा धागा राहिला असेल, प्लास्टिक ताणलं असेल, अशी कारणं मी स्वतःला देत राहिलो. शकुला काही बोललो नाही. पण कारखान्यातून परतलो की चपला काढायच्या आधी तीच बॉडी बघायचो. जुनी रेघ गेलेली असायची. नवी आलेली असायची, आधीपेक्षा थोडी वर.

शेवटचा तडा मी रविवारी सकाळी बुजवला. जाळी चिकटली, टप एकसंध झाला. मी खुशीत शकुला हाक मारली. ती चहा घेऊन आली आणि बघतच राहिली.

उजव्या खिडकीत आता रेघा नव्हत्या, ठिपके होते. एकदम वर, टपाला लागून. एक उमटला. थोड्या वेळाने दुसरा. मी कान लावला. पत्र्यावर वाळूचा कण पडावा तसा आवाज. मग थांबला. मग पुन्हा, आधीपेक्षा हळू.

"तुम्ही सगळीकडून बंद करताय," शकु म्हणाली. तिने कप खाली ठेवला. "उघडा ना ती काच."

"ताईंनी होती तशी करायला सांगितलीय."

"उघडा म्हणते ना!"

मी ब्लेड घेतलं. खिडकीच्या कडेकडेने फिरवलं. चौथी बाजू सुटायच्या आत तुकडा आपोआप बाहेर पडला आणि त्यामागून पाणी आलं. ओंजळभर, गढूळ, शेवाळाचा वास असलेलं. खाली पसरलेला पेपर भिजला. त्या उघड्या टोपल्यात ते कुठे साठलं होतं, मला आजवर कळलेलं नाही.

आवाज थांबला. शकुने पेपर उचलून फेकला, जमीन पुसली.

पुढच्या रविवारी नलिनीताई आल्या त्या नवी साडी नेसून. चेहरा फुललेला.

"भाऊ, ते आले!"

"कधी?"

"मागच्या रविवारीच. मढला, खाडीच्या चिखलात बसलेले सापडले. कोळ्यांनी उचलून आणलं. कपडे होळीचेच, ओलेचिंब." त्यांनी पदर सावरला. "दाढीसुद्धा वाढलेली नाही हो त्यांची."

"आणि गाडी?"

"पाण्यात गेली असेल. त्यांना काहीच आठवत नाही. खाली टॅक्सीत बसलेत."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. टॅक्सीच्या सगळ्या काचा खाली होत्या, दार सताड उघडं. शिवदासनी एक पाय बाहेर रस्त्यावर टेकवला होता. टॅक्सीवाला दार लावायला आला, तर त्यांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.

मी बॉडी आणली. कापलेल्या खिडकीबद्दल काय सांगावं, शब्द जुळवत होतो. ताईंनी ती उजेडात धरली, उजवी बाजू पाहिली, काही विचारलं नाही. मग बॉडी फिरवली.

डावीकडची काच धुरकटलेली होती.

एवढे दिवस मी त्या बाजूला नीट पाहिलंच नव्हतं. धुक्यात, अगदी वर, टपाला लागून एक ठिपका होता. आमच्यादेखत त्याच्या शेजारी दुसरा उमटला.

शकुने माझ्याकडे पाहिलं. मी ब्लेड उचललं.

"द्या ताई. एक मिनिटाचं काम आहे."

नलिनीताईंनी त्या काचेवर तळहात ठेवला.

"मीरा पण होती ना त्यांच्याबरोबर?" शकुने विचारलं.

"ती राहू दे," नलिनीताई म्हणाल्या.

त्यांनी बॉडी कानाशी नेली. ऐकलं. मग ती पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे अडकणार नाही अशी, हळूहळू ओढून घेतली.